नावापुढे काय लावायचं? विज्ञानकथेतल्या संशोधन जहाजांसाठी आर.व्ही., सं.नौ. की एक साधा शब्द

मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या मित्रांपैकी तिघाचौघांनी तरी मला हे विचारलंय. कथेत अंतराळात फिरणारी जहाजं आहेत, लष्कराची वेगळी, शास्त्रज्ञांची वेगळी, लष्करी जहाजांना आय.एन.एस. (इंडियन नेव्हल शिप) सारखं काहीतरी लावून टाकलं की भागतं, पण जी नुसती अभ्यासाला निघालीत त्या साध्या बिगरलष्करी जहाजांच्या नावापुढे काय लावायचं? मी यात चार महिने घालवलेत, वेगवेगळ्या पद्धती पूर्ण हस्तलिखितात लावून बघितल्यात आणि दोनदा सगळं शोधून शोधून बदललंय, म्हणून जे दिसलं ते सविस्तर लिहितो. निवड शेवटी तुमची, तुमच्या कथेला दुसरंच काही शोभत असेल.

माझी कथा थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. शनीचा मोठा चंद्र टायटन, तिथं उणे १७९ अंशांच्या थंडीत मिथेनचे समुद्र आहेत, त्यातला सगळ्यात मोठा क्राकेन मारे. म्हणजे माझ्या कथेत जहाज हा नुसता अलंकार नाही, ते तिथं उतरल्यावर खरंच तरंगणार आहे. १४ जानेवारी २००५ ला ह्युजेन्स हे यान टायटनवर उतरलं तेव्हा इथं सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू होती, आणि नंतर पेपरात आलेला तो नारिंगी रंगाचा, गोल गोल धोंड्यांचा फोटो मी कापून ठेवला, तो अजून माझ्याकडं आहे, कथा तिथनंच निघाली. कथेत तीन संशोधन जहाजं, एक दवाखान्याचं, एक भाड्यानं घेतलेलं मालवाहू आणि एक लष्करी. संशोधन जहाजांना आपल्या जिल्ह्यातल्या नद्यांची नावं द्यायची हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं: सीना, नीरा, माण. अडलं ते नावाच्या अलीकडं.

आता मी हे इतकं मनावर का घेतलं ते सांगतो. मी पोटापाण्याला डीटीपीचं काम करतो आणि त्यात निम्म्याहून जास्त काम लग्नपत्रिकांचं. नावापुढची अक्षरं हा माझा रोजचा विषय. चि., चि.सौ.कां., श्री., सौ., श्रीमती, ह.भ.प., हे सगळं बोटांत बसलंय. गेलेल्या माणसाच्या नावापुढे एका घरात कै. लागतं, लिंगायत घरात लिं., वारकरी घरात वै., मुसलमान घरात मरहूम. माहिती एकच, की माणूस आता नाही, पण अक्षरावरनं घर कळतं. एकदा एका पत्रिकेत एका आजोबांच्या नावापुढे माझ्या हातनं श्री.च्या जागी कै. पडलं. पत्रिका छापून, घड्या घालून तयार होत्या, आणि ते आजोबा स्वतः दुकानात आले, पत्रिका टेबलावर ठेवली, बोट त्या एका अक्षरावर ठेवलं आणि काही बोलले नाहीत. त्या रात्री सगळ्या परत छापल्या. तेव्हापासून नावापुढचं अक्षर म्हणजे सजावट असं मला कधीच वाटत नाही.

जहाजांचंही तसंच आहे. नावापुढची अक्षरं जहाज काय करतं यापेक्षा ते कुणाचं आहे हे जास्त सांगतात. लोणावळ्याला आय.एन.एस. शिवाजी आहे, आपल्या मुंबईच्या गाडीच्या वाटेवरच, डोंगरात, तिथं पाणी कुठलं, ती नौदलाची प्रशिक्षण संस्था आहे, तरी आय.एन.एस., कारण ती नौदलाची. आय.एन.एस. दिल्ली ही जुनी क्रूझर बघा, मुळात ब्रिटिशांची एच.एम.एस. (हिज मॅजेस्टीज शिप, म्हणजे राजाचं जहाज) अकिलीस, मग १९४१ ला न्यूझीलंडची एच.एम.एन.झेड.एस. अकिलीस, १९४८ ला आपण घेतल्यावर एच.एम.आय.एस. दिल्ली, आणि २६ जानेवारी १९५० ला आय.एन.एस. दिल्ली. लोखंड तेच, पण राजा गेला तशी नावापुढची अक्षरं बदलली. आणि आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे आय.एन.एस. सागरध्वनी. काम पूर्ण संशोधनाचं, समुद्रातल्या आवाजाचा अभ्यास, डी.आर.डी.ओ. या संरक्षण संशोधन संस्थेच्या कोचीच्या प्रयोगशाळेसाठी, पण चालवतं नौदल, म्हणून १९९४ पासून आय.एन.एस. म्हणजे नुसतं संशोधन करणं पुरत नाही, बिगरलष्करी असणं हे वेगळं सांगावं लागतं, आणि माझ्या कथेत तर सगळा ताणच त्यावर आहे की लष्करी जहाज या तिघींना आपल्या हुकमाखाली घ्यायला बघतंय.

हेही लक्षात घ्या की व्यापारी किंवा संशोधन जहाजाच्या नावापुढच्या अक्षरांवर ओळख अवलंबून नसते. खरी ओळख म्हणजे सात आकडी आय.एम.ओ. नंबर, नाव बदललं, मालक बदलला तरी तोच राहतो, आणि रेडिओसाठी कॉल साइन. नावापुढचं एम.व्ही. (मोटर व्हेसल) किंवा आर.व्ही. हा रिवाज. म्हणजे आपण लेखक इथं मोकळे आहोत, तांत्रिक चूक होईल ही भीती धरायचं कारण नाही. वाचकाच्या कानाला काय जातं तेवढंच बघायचं.

मी पहिल्यांदा लावलं ते आर.व्ही. रिसर्च व्हेसल. हे सगळ्यात सरळ आणि सगळ्यात खरं, आपल्याकडची खरी जहाजं हेच लावतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची आर.व्ही. सिंधू संकल्प, आर.व्ही. सिंधू साधना. त्याआधीची आर.व्ही. गवेषणी, जिनं २६ जानेवारी १९८१ ला हिंदी महासागराच्या तळातनं बहुधातू गोळ्यांचा आपला पहिला नमुना वर काढला. त्यात अजून बारकावे हवे असतील तर ओ.आर.व्ही. सागर कन्या, म्हणजे महासागर संशोधन, आणि एफ.ओ.आर.व्ही. सागर संपदा, म्हणजे मासेमारी आणि महासागर संशोधन. ही शेवटची पद्धत मला मनापासून आवडते, कारण अक्षर वाढलं की काम कळतं. तुमच्या कथेत दहाबारा प्रकारची संशोधन जहाजं असतील, कुणी धूळ गोळा करतंय, कुणी बर्फ खणतंय, तर अशी अक्षरं वाढवत नेणं चांगलं दिसेल. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या वाचकाला हे लगेच पटतं. माझ्या पुतण्याला पटलं होतं.

मला जे खटकलं ते वेगळंच. आर.व्ही. लावलं की नावच ताठ होतं, विभक्तीला वाकत नाही. आपण बोलताना म्हणतो सीनेला पाणी आलं, सीनेवरचा पूल, भीमेच्या काठी. पण 'आर.व्ही. सीना' लिहिलं की पुढं हात आपोआप 'सीनावर', 'सीनाच्या', 'सीनाला' असा जायला लागला. मला आधी कळलंच नाही. अर्धी कथा लिहून झाल्यावर वाचताना जाणवलं की ही आपली सीना राहिलीच नाही, कुठल्यातरी बाईचं नाव झालंय. 'सीनेवर' करून बघितलं तर 'आर.व्ही. सीनेवर' हे तोंडातच अडखळतं. पुढची इंग्रजी अक्षरं मागच्या मराठी शब्दाला धरून ठेवतात असं काहीसं होतं, मला याच्यापेक्षा नीट सांगता येत नाही. तुमच्या जहाजांची नावं ऑरायन, पायोनियर अशी असतील तर हा प्रश्न येणारच नाही आणि मग आर.व्ही.ला माझा काही आक्षेप नाही.

मग मी ठरवलं, मराठीच करू. जर्मन लोक आपल्या संशोधन जहाजांना त्यांच्या भाषेतलं एफ.एस. लावतात, फोरशुंग्सशिफ, म्हणजे संशोधन-जहाज. फ्रेंच त्यांचं एन.ओ. लावतात, रशियन त्यांच्या भाषेतली तीन अक्षरं. इंग्लंडमध्ये तर आर.आर.एस., रॉयल रिसर्च शिप, अजून राजाचं नाव त्यात. मग आपण आर.व्ही. का लावायचं? संशोधन नौका, सं.नौ. छान दिसतं. पानावर मला ते इतकं आवडलं की दोन महिने मी त्याच्या बाहेर विचारच केला नाही. सं.नौ. सीना. सं.नौ. नीरा. सं.नौ. माण. तीन-चार टाइपात लावून बघितलं, ठळक केलं, बारीक केलं, मुखपृष्ठाचा कच्चा नमुनाही करून ठेवला.

आणि इथंच ते झालं ज्यानं माझा निर्णय झाला.

आईला आता डोळ्यांनी बारीक दिसत नाही, म्हणून मी लिहिलेलं तिला वाचून दाखवतो, रात्री जेवण झाल्यावर. ती विज्ञानाची नाही पण गोष्टीची पक्की आहे, कुठं ढिलं पडलं की तिची जपमाळ परत चालू होते, मला कळतं. तर पहिलं प्रकरण वाचत होतो, टायटनच्या धुक्यातनं तिघी एकामागनं एक खाली उतरतायत, संदेशांची देवाणघेवाण चाललीय, मी रंगात आलेलो, आणि ती म्हणाली, "ते सारखं सन नऊ सन नऊ काय म्हणायलास रे? कोणतं साल ते?" मला आधी कळेना. मग कळलं. सं.नौ. हे तोंडानं 'सन्नौ' होतं, आणि आमच्याकडं अर्धा बाजार नौ-दस करतो, कानाला ते साल ऐकू येतं. तिनं पूर्ण प्रकरण कुठल्यातरी नऊ सालात घडतंय असं धरून ऐकलं होतं. मी म्हणलं, "अगं संशोधन नौका." तर म्हणाली, "मग तसं म्हण की."

तसं म्हणून बघितलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ठिकाणी 'संशोधन नौका सीना' असं पूर्ण वाचलं. एका पानावर सात वेळा आलं. वेग पार गेला. जहाज धोक्यात आहे, कप्तान ओरडतीय आणि प्रत्येक हाकेला आधी सहा अक्षरं मोकळी करायची. जपमाळ चालू झाली.

मग मी तेच पान चार जणांना वाचायला दिलं, काहीच न सांगता. पुतण्यानं 'संशोधन नौका' वाचलं, तेही पहिल्या दोन वेळा, नंतर गाळूनच टाकलं. छापखान्यातल्या सहकाऱ्यानं 'सं नौ' असं दोन तुकड्यांत वाचलं, दोन्ही ठिकाणी थांबून. एक शिक्षिका ताई आहेत ओळखीच्या, त्यांनी 'संनौका' वाचलं, का ते त्यांनाही सांगता येईना. आणि फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपनं टिंब दिसलं की वाक्य संपलं असं समजून प्रत्येक वेळी श्वास घेतला. चार वाचक, चार उच्चार. एवढ्यावरनं नियम काढावा असं मी म्हणत नाही, पण माझ्यापुरतं पुरलं.

यावर मी बराच विचार केला, कारण रोज टिंबं टाकणारा माणूस मी, मला हे आधी का कळलं नाही. मराठीत टिंबवाली अक्षरं आपण वाचतो कशी? एक तर पूर्ण उलगडून वाचतो, चि. दिसलं की तोंडातनं चिरंजीव निघतं, ह.भ.प. दिसलं की हरिभक्तपरायण, कारण ते शब्द आपल्याला आधीच माहीत आहेत, टिंब ही फक्त आठवण. किंवा मग टिंबं गळून त्याचा शब्द होतो, मनपा, एसटी. इंग्रजी अक्षरं असतील तर ती सुटी सुटी वाचायची सवय आहे, आय एन एस. पण नवीन, कुणाच्या कानावर कधीच न पडलेलं मराठी संक्षेप यातल्या कुठल्याच वाटेनं जात नाही. वाचकाला दर वेळी ठरवावं लागतं की हे म्हणायचं कसं, आणि मनातल्या मनात वाचतानाही तो तिथं क्षणभर थांबतोच. कथेत शंभर वेळा तो क्षण आला की वाचक दमतो, आणि त्याला कळतही नाही कशानं दमला. शो.नौ. करा, अं.सं.नौ. करा, दुखणं तेच, आणि तीन टिंबं म्हणजे तर ओळ मोडताना नाव एका ओळीवर आणि टिंबं दुसऱ्या ओळीवर.

बाकीचे पर्याय मी फार खोलात न जाता सोडले, पण सांगतो. एक म्हणजे मागं लावायचं. जपानी जहाजांच्या नावामागं 'मारू' असतं, त्यांचं एक संशोधन जहाज हाकुहो मारू आहे, आणि आपल्याकडं तर 'यान' आहेच, चांद्रयान, मंगळयान, गगनयान. यान लावायला मला हरकत नव्हती, पण सीनायान, माणयान हे कानाला जमेना, आणि मला असंही वाटतं की यान म्हटलं की एकदा सोडलं, गेलं, असं चित्र येतं. वर्षानुवर्षं राहतं, डागडुजी होते, ज्यात माणसं भांडतात आणि म्हातारी होतात ते जहाज. तुमच्या कथेत एकाच फेरीचं, माणसाविना जाणारं काही असेल तर यानच बरं. दुसरं म्हणजे काहीच न लावणं. अमेरिकेच्या स्पेस शटलना तसंच होतं, 'अटलांटिस' हे नाव वुड्स होल या तिथल्या समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधन जहाजावरनं घेतलं, पण नावापुढे काही नाही, फक्त कागदोपत्री ओ.व्ही.-१०४. छोट्या कथेला हे उत्तम. पण माझ्यात नदीच्या नावाची जहाजं, आणि एका पात्राला सोलापूरची आठवण येते तिथं खरी सीना पण येते. काहीच लावलं नाही तर नदी कुठली आणि जहाज कुठलं याचा घोळ व्हायला लागला.

शेवटी उत्तर मी ज्याच्यावर आधीच बोट ठेवलं होतं तिथंच होतं, फक्त मी अक्षरांकडं बघत बसलो आणि नावाकडं बघितलं नाही. परत वाचा: सागर कन्या, सागर संपदा, सागर निधी, सागर मंजूषा, सागर तारा, सागर अन्वेषिका. सिंधू संकल्प, सिंधू साधना. आपल्या संशोधन जहाजांमध्ये खरं काम ओ.आर.व्ही. करतच नाही, 'सागर' आणि 'सिंधू' करतात! पहिला शब्द ऐकला की कुळ कळतं, दुसऱ्या शब्दानं जहाज कळतं. एफ.ओ.आर.व्ही. विसरला तरी सागर संपदा कुणी विसरत नाही. हे कुणी समिती बसवून ठरवलं असेल नसेल, मला त्यात जायचं नाही, पण माझ्या मते नावापुढच्या अक्षरांना इतकं सुंदर मराठीत बसणारं उत्तर दुसरं नाही. एक पूर्ण शब्द, टिंब नाही, उलगडायचं काही नाही, कसा म्हणायचा हा प्रश्न नाही.

शब्द शोधायला एक आठवडा गेला. गगन, व्योम, नभ हे आधी सुचले आणि ते सगळ्यांनाच सुचतात, शिवाय त्यांनी फक्त जागा कळते, काम कळत नाही. मग 'वेध' मिळाला. वेधशाळेतला वेध, वेध घेणे, ग्रहणाचे वेध, पावसाचे वेध लागणे. बघणं, मोजणं, वाट बघणं सगळं एका शब्दात, आणि तो घराघरात आहे, आईला समजावून सांगावा लागला नाही. वेध सीना. वेध माण.

आता तेच वाक्य तीन पद्धतींनी शेजारी शेजारी ठेवतो, कारण मला वाटतं एवढ्यावरच पुष्कळ कळतं. "आर.व्ही. सीनावरून संपर्क तुटून आता चाळीस मिनिटं झाली." "सं.नौ. सीनेवरून संपर्क तुटून आता चाळीस मिनिटं झाली." "वेध सीनेवरून संपर्क तुटून आता चाळीस मिनिटं झाली." मोठ्यानं म्हणून बघा. मराठी शब्द पुढे आला की सीनेची विभक्ती परत आली, आपोआप, मला काही करावं लागलं नाही, आणि तिसऱ्यात टिंबंही गेली. आणि घाईत नुसतं "सीने, उत्तर दे" म्हणता येतं, जे आर.व्ही. असताना लिहायला माझा हातच झाला नसता.

दुसरा फायदा मी ठरवून केला नव्हता. लष्करी जहाजाला मी सुटी इंग्रजी अक्षरं तशीच ठेवली, टिंबांसकट. त्यामुळं संवादात कोण बोलतंय हे सांगावंच लागत नाही. एका बाजूला अक्षरं, दुसऱ्या बाजूला शब्द. तो अधिकारी मुद्दाम या जहाजांना अक्षरात हाक मारतो, 'व्ही.एस.' म्हणतो, आणि कप्तान दर वेळी पूर्ण म्हणते, वेध सीना. तो बिगरलष्करी असण्याचा मुद्दा, ज्यासाठी मी आधी दीड पान भाषण लिहिलं होतं, तो एवढ्यात झाला आणि भाषण काढून टाकलं.

तोटे आहेत, लपवत नाही. पहिल्या दोन-तीन पानांत वाचकाला वेध हेच जहाजाचं नाव वाटतं. तीन जहाजं एकत्र दाखवली की सुटतं, म्हणून मला पहिला प्रसंग बदलून तिघींना एकदम आणावं लागलं. दुसरं, पहिला शब्द सारखा झाला की दुसरे शब्द एकमेकांपासून लांबचे हवेत. वेध सीना आणि वेध नीरा, दोन्ही दोन अक्षरी, दोन्ही ईकार-आकार, खरखरणाऱ्या रेडिओवर कोण कुठली कळायचं नाही. आई इथंही अडकली. नीरा काढली आणि भोगावती घेतली, वेध भोगावती, मला वाईट वाटलं कारण नीरा हे नाव मला फार आवडायचं, पण भोगावती म्हणताना जीभ जरा चालते आणि ऐकणाऱ्याला वेळ मिळतो. तिसरं, कुळाच्या शब्दानं देश कळत नाही. तुमच्या कथेत पाच देशांची जहाजं एकाच ठिकाणी जमणार असतील तर एकतर प्रत्येकाला वेगळा कुळशब्द द्या किंवा आर.व्ही.कडं परत जा, तिथं ते खरंच सोयीचं आहे.

आणि माणसांची नावं असतील तर हा शब्द चालत नाही. मला एक जहाज डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या नावाचं हवंच होतं. सोलापूरचा माणूस, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेला, तिथं जखमींवर उपचार करत राहिला आणि १९४२ ला तिथंच गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. घरापासनं लांब, परक्यांसाठी काम, टायटनच्या कथेत त्यांचं नाव नसेल तर कुणाचं असणार? पण 'वेध कोटणीस' हे पात्राच्या नावासारखं वाटतं, आणि 'वेध डॉ. कोटणीस' केलं की टिंब परत आलं. इंग्रजांचं बरं चालतं, त्यांचं आर.आर.एस. सर डेव्हिड अ‍ॅटनबरो आहे, पुढे अक्षरं, मग सर, मग नाव, आपल्याकडं एवढं ओझं वाक्य उचलत नाही. मग विचार केला, ते डॉक्टर होते, संशोधन जहाजाला त्यांचं नाव द्यायचंच कशाला, दवाखान्याचं जहाज आहे की. 'रुग्णनौका कोटणीस'. अख्खा शब्द, चार अक्षरी, जड आहे, पण ते जहाज कथेत चारच वेळा येतं आणि येतं तेव्हा सगळे थांबूनच बघतात, तिथं जडपणा चालतो. नौका म्हटल्यामुळं 'कोटणीस आली' हेही सरळ लिहिता येतं, जे मला आधी अवघड वाटत होतं. म्हणजे एकच पद्धत सगळीकडं लावायचा हट्ट धरू नका. जे जहाज पानोपानी येतं त्याला दोन अक्षरांचा शब्द, जे क्वचित येतं त्याला पूर्ण नाव, एवढं मी पाळतो.

एक गाठ अजून सोडवत होतो ती भाड्याच्या जहाजाची. हा प्रश्न खऱ्या जगातही येतो, आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली ती भाड्यानं घेतलेल्या नॉर्वेच्या पोलर सर्कल या जहाजावरनं, शास्त्रज्ञ आपले, जहाज त्यांचं, नाव त्यांचंच राहिलं. माझ्या कथेतलं मालवाहू जहाज सहा महिन्यांच्या करारावर आलंय, त्याच्यावर आपल्या प्रयोगशाळा बसवल्यात, काम तिघींइतकंच करतंय. खलाशांचं म्हणणं आम्हाला वेध लावा. संस्था म्हणते, करार संपला की तुम्ही परत कोळसा वाहणार. मी बरेच दिवस लावू की नको करत होतो, मग पत्रिकांचं आठवलं, आपण नुसतं काम बघून नावापुढे काही लावत नाही, घर बघून लावतो. म्हणून नाही लावलं. पण तिसऱ्या प्रकरणात भोगावतीचा रेडिओवाला त्यांना चुकून एकदा 'वेध' म्हणून हाक मारतो, आणि पलीकडनं उत्तर यायला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो.